गरम झाल्यावर

पोतीच्या बंदरात बद्रीने ती घेतली तेव्हा
ती गप्प होती.
जपानहून उतरलेलं वीस टनांचं पिवळं धूड,
मीटरवर साडेसात हजार तास
(खरे किती, ते त्या मीटरलाच ठाऊक).
विकणाऱ्याने किल्ली फिरवली, बूम वर, बूम खाली,
बकेट उघडली, मिटली,
आणि दहा मिनिटांत हात पुढे केला.
फेब्रुवारी होता. सकाळचे सात.

मी बद्रीची थोरली बहीण, लामारा.
बँकेच्या कागदावर माझीही सही,
म्हणून माझाही एक कान कायम तिच्याकडे.

ओनीच्या वर दरड कोसळलेल्या रस्त्यावर
ती रोज निमूट दगड उचलायला लागे
आणि मग सुरू होई.
आधी लांब कुणी ओल्या काचेवर बोट फिरवावं तसं,
मग सूंऽऽ, मग कुईं,
मग पोटात मूठभर गोट्या खडखडाव्यात तसं,
आणि बूम म्हाताऱ्यासारखी
थांबत थांबत वर जाई.

बिद्झिना म्हणाला, पंप गेला.
नव्या पंपाचा भाव ऐकून बद्री खाली बसला.
तेवढ्यात घराचं छप्पर झालं असतं, वर गच्चीही.
कुणी म्हणालं, तेल बदला. बदललं.
फादर येऊन सकाळी पाणी शिंपडून गेले,
आणि त्या दिवशी बराच वेळ
आम्ही सगळेच श्रद्धाळू होतो.

शेवटी अंब्रोलाउरीहून ओतिया आला.
खाणीतल्या सुरुंगांनी त्याचा डावा कान नेला होता.
त्याने विचारलं, "कधी?"
बद्री तोंडाने सूं, कुईं करून दाखवायला लागला.
"कसा, ते सगळेच सांगतात. मी विचारतोय, कधी?"

बद्रीने माझ्याकडे पाहिलं.
मी डिझेलची वही काढली.
त्यात मी वेळ लिहीत असे, उगीच, काळजी म्हणून:
सुरू आठ पाच, आवाज आठ सत्तेचाळीस.
सुरू आठ दहा, आवाज आठ पन्नास.
बर्फ पडला त्या दिवशी, सव्वानऊ.
ओतियाने वही दोनदा वाचली,
मिटली, आणि पाव मागितला.
"तापू दे तिला," म्हणाला. "तोवर जेवू."

आठ सेहेचाळीसला तो उठला.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवलं,
मूठ त्या गेलेल्या कानामागच्या हाडावर.
"हा बरा," म्हणाला. "याला बाहेरचं काही ऐकू येत नाही."
मग टाकीचं झाकण उघडून तेल पाहिलं.
फेस नाही. ताकासारखं पांढरंही नाही.
म्हणजे हवा शिरत नाहीये.
गाळणी स्वच्छ, फक्त तळाशी पितळेचा बारीक चुरा.
तो त्याने बोटावर घेऊन उन्हात धरला
आणि पुसून टाकला. काही बोलला नाही.

टाकीतून पंपाकडे जाणारा जाड पाइप
बाहेरून कसा झकास, नवा रंग दिलेला.
इंजिन बंद करून त्याने तो काढला, उभा चिरला.
आतलं रबर सुटून लोंबत होतं, जिभेसारखं.
थंडीत ताठ, बाजूला सरलेलं.
तेल तापलं की ते मऊ पडे,
आणि पंप जितकं जोराने ओढी
तितकं ते त्याच्याच घशात बसे.

"पंप मेला नाही," ओतिया म्हणाला. "उपाशी आहे.
उपाशीपोटी थोडा स्वतःला खाल्लाय.
आणखी दोन वर्षं काढेल. कदाचित तीन."
बद्रीने विचारलं, विकणाऱ्याला माहीत असेल?
ओतिया चाकू पुसत राहिला.
"सकाळी सातला दाखवली ना?"

पाइपाचे नव्वद लारी, त्याचे साठ.
माझं चीज घेतलं, वाईन नको म्हणाला, घाट उतरायचा होता.

आता ती दिवसभर चालते.
वळताना करकरते थोडी,
ते ओतियाने ऐकलं होतं आणि हात झटकला होता.
मी अजून वही लिहिते.
आठ पाच, सुरू.
आठ सत्तेचाळीसच्या सुमाराला
पेन आपोआप थांबतं,
आणि वरच्या रस्त्यावरून नुसता
दगडांचा आवाज येतो.