आठवा हिस्सा

जानेवारीची नऊ तारीख, बेचाळीस अंश,
पंपानं एक लांब किंचाळी फोडली
आणि गप्प झाला.
मिल्डुरातल्या आमच्या गल्लीत एकाएकी
कोकाटूंची भांडणं ऐकू यायला लागली.

डेस आला शेडमधून, चिंधीला हात पुसत,
मयताला आल्यासारखा उभा राहिला.
"एकोणीस वर्षं," म्हणाला. "बेअरिंग गेलं."
मग टेप काढून नळ्यांची मापं घ्यायला लागला.
"अस्साच आणू. दीड हॉर्सपॉवर. याला तोड नाही."

मी बोलले नाही.
संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये तीस वर्षं हिशेब लिहिलाय मी,
पेट्या या रकान्यात, पैसे त्या.
माणूस सुतकात असताना
त्याच्यापुढे आकडे ठेवायचे नसतात
एवढं मला कळतं.
चहा होईपर्यंत थांबले.

मग ठेवलं समोर
फ्रिजवरच्या चुंबकाखालचं तिमाहीचं बिल.
अकराशे वॅट, रोज आठ तास,
आपण घरात असो वा नसो,
कुणी पोहो वा न पोहो.
(पोहतं कोण आता? नातवंडं ॲडलेडला.
पाणी मात्र हिरवं होऊन चालत नाही.)

दुकानात इमोजेन नावाची मुलगी,
नाकात चमकी, नखांत ग्रीस.
डेस तिच्या डोक्यावरून मालकाला शोधत होता.
ती म्हणाली, "वेग निम्मा केलात
तर पाणी निम्मं फिरतं.
वीज मात्र निम्मी लागत नाही."
"मग किती?"
"अर्ध्याचं अर्धं. त्याचंही अर्धं."
डेसनं बोटं मोडून पाहिली.
"आठवा हिस्सा? असं कसं?"
"पाण्याला ढकललं की ते उलटं ढकलतं," ती म्हणाली,
"हळू सांगितलं तर ऐकतं."

किंमत तिप्पट.
खोक्यावर आठ तारे; आमच्याला दोनच मिळाले असते.
डेस गाडीत बसून म्हणाला,
पाण्यात जोर दिसायला हवा गं,
पैसे दिल्यासारखं वाटायला हवं.
उथळ पाण्याला खळखळाट फार,
हे मी ओठांवर आणलं
आणि सीटबेल्ट लावला.

बसवला शनिवारी.
एकशे सत्तर वॅट, सोळा तास,
छपरावरचं ऊन आहे तोवर बरंचसं फुकट.
तळ झाडायचा त्या दिवशी तेवढा
तासभर वेग वाढवायचा.
डेसनं त्याच्या पाठीवर हात ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा,
परत ठेवला.
रात्री दोनदा उठून टॉर्च घेऊन गेला.
"चालू आहे का बंद, कळतच नाही."
माझीही झोप उडालेली.
एकोणीस वर्षं त्या घरघरीवर
डोळा लागत होता माझा,
हे मी कुठल्याच रकान्यात धरलं नव्हतं.

सोमवारी फाटकाशी नेजमी.
याच नेजमीनं अकरा वर्षांत
नगरपालिकेला तीन पत्रं लिहिली होती
आमच्या आवाजाबद्दल. तिसऱ्यात तर तासांचा तक्ता.
हातात अंजिरांची पिशवी, चेहरा उतरलेला.
"दोन दिवस आवाज नाही," म्हणाला.
"बायको म्हणाली, जाऊन बघ.
मला वाटलं..."
आणि डेसकडे बघून थांबला,
डेस धडधाकट, चड्डीवर, हातात जाळी.

मग दोघं गेले पंपापाशी.
वाकले. कान लावला.
"चालू आहे?"
"चालू आहे."
"खोटं."
डेसनं निलगिरीचं एक पान उचललं,
दूरच्या कोपऱ्यात पाण्यावर सोडलं.
पान जागचं हलेना.
मग हललं, बोटभर.
दोन म्हातारे कठड्यावर बसले,
पाय पाण्यात सोडून,
एक पान कडेला लागायची वाट बघत,
आणि डेस त्याला सांगत होता,
जणू नियम त्यानंच शोधला,
"अर्ध्याचं अर्धं, नेजमी.
थांब. त्याचंही अर्धं."

मी अंजिरं धुवायला आत गेले.
परत आले तेव्हा
पान अजून वाटेतच होतं.