जिप्समची पट्टी

तिबिलिसीत, सोलोलाकीच्या चढावर,
अकरा नंबरच्या अंगणात
मी वर्षातून दोनदा जाते.
काम साधं. भिंतीच्या भेगेवर
दोन बोटं रुंद जिप्समची पट्टी लिंपायची,
ओली आहे तोवर खिळ्याने तारीख कोरायची,
शिडी उचलायची.
सहा महिन्यांनी पट्टी अखंड असेल तर घर थांबलंय,
तडकली असेल तर घर चाललंय.
कुठे चाललंय,
हा रकाना नगरपालिकेच्या फॉर्मात नाही.

जिन्याशीच त्सिआला बसलेली असते,
मांडीवर परात, परातीत अक्रोड.
"आलीस? लिहून टाक, ही भिंत माझ्या सासऱ्याहून भक्कम आहे."
सासरे गेले ना, मी म्हणते.
"गेला. पण पडला नाही. झोपेत गेला."

वर लाकडी सज्जात तिचा दीर, गोचा.
कठड्यावर कोरलेले द्राक्षांचे घोस,
लोक ज्यांचे फोटो काढायला चढ चढून येतात,
त्यांच्यावर तो मुद्दाम सिगारेट झाडतो.
"सुंदर म्हणे!
जानेवारीत रात्री दोनला
अंगण ओलांडून संडासला जाऊन या,
मग बोलू सौंदर्यावर."
त्याला साबुरतालोच्या पलीकडे, पंधराव्या मजल्यावर
दोन खोल्या हव्यात,
नाणं टाकल्याशिवाय हलत नसली तरी चालेल, पण लिफ्ट हवी,
आणि अशी भिंत की शेजारी कोण शिंकलं ते कळू नये.

"शिंकलेलं कळणार नाही," खालून त्सिआला,
"आणि मेलास तर तेही नाही."

मागच्या खोलीत वॉर्सॉहून आलेला भाडेकरू आहे.
तो म्हणतो, या घराला स्वभाव आहे.
भाडं युरोत देतो, ऑक्टोबर संपता संपता निघून जातो.
स्वभाव खरा कळतो तो नोव्हेंबरात.

आणि नुत्सा, नऊ वर्षांची, गोचाची नात.
तिचं म्हणणं, घर चांगलंच आहे,
कारण दाराशी गोटी ठेवली
की ती आपली आपण पियानोखाली जाते.

या एप्रिलात पट्टी अखंड होती.
७ ऑक्टोबर. सगळं ठीक.
फक्त माझ्या साताच्या कमरेला आडवी रेघ असते,
आणि या साताला नव्हती.

नखाने खरवडलं.
खाली दुसरी पट्टी, हातोडीने फोडलेली.
तिच्याखाली आणखी एक, तीही फोडलेली.
अगदी तळाशी माझी.
वरच्या थरात जिप्सम संपलं असावं,
मक्याचं पीठ घातलेलं होतं.

म्हणजे अख्खा हिवाळा
ही दोघं रात्री, आळीपाळीने, शब्द न बोलता
या दोन बोटं जागेवर भांडत होती.
एकाला घर धोकादायक ठरवून हवं होतं, एकीला नको होतं.
घर हललं की नाही
हे आता कुणालाच कळणार नाही. घराला विचारायचं राहूनच गेलं.

मी दोघांकडे पाहिलं.
त्सिआलाने अक्रोड फोडला.
गोचाने आकाशाकडे पाहत विचारलं, पाऊस येईल का.

फॉर्मात लिहिलं: निरीक्षण चालू.
नवी पट्टी लिंपली. सात नव्हताच तारखेत,
मग चाराच्या शेपटीला उगाच एक आकडी काढली.

शिडी घेऊन उतरताना
वरून आणि खालून एकदमच ओरडले,
"तिसरी पायरी सोड!"
मग दोघंही गप्प, चोरी पकडल्यासारखे.

मी स्वतः राहते ती इमारत सहा वर्षांची आहे.
खिडक्या घट्ट बसतात. गरम पाणी येतं.
शेजारी कोण आहे, मला ठाऊक नाही,
आणि खरं सांगते, मला त्याचं फारसं दुःखही नाही.
पण त्या संध्याकाळी नुत्साने दिलेली गोटी खिशात निघाली.
दाराशी ठेवून पाहिली.
जिथे ठेवली तिथेच राहिली.
जेवण झाल्यावर
पुन्हा एकदा जाऊन पाहिली.