बारा कडांचं नाणं

दोन दरवाजे एकाच वेळी उघडत नाहीत.
मागचा लागल्याशिवाय पुढचा हलत नाही.
मधल्या काचेच्या चौकोनात एमलिन आणि मी,
माझ्या कमरेला किल्ल्या,
त्याच्या हातात अकरा वर्षांपूर्वी जमा केलेलं पाकीट.

सकाळी आम्ही यादी तपासली होती.
पट्टा एक. घड्याळ एक, बंद.
नाणं एक, गोल, एका पाउंडाचं.
सही करताना त्याची बोटं थरथरली,
औषधानं की बाहेर जायच्या धास्तीनं,
मी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "दोन्ही."

आमच्याकडे सगळं मोजतात.
जेवणानंतर चमचे.
बागेतून परतल्यावर खुरपी;
भिंतीवर प्रत्येकीची काळी सावली रंगवलेली,
एखादी जागा रिकामी राहिली तर ती ओरडते.
रात्री, दर पंधरा मिनिटांनी, श्वास:
पांघरूण वर, पांघरूण खाली.
पहिल्या वर्षी माझ्या टॉर्चला तो शिव्या द्यायचा.
दुसऱ्या वर्षी भिंतीकडे तोंड.
चौथ्या हिवाळ्यात अंधारातून आवाज आला,
"आहे, हेलेद, आहे जिवंत. तू चहा पी."

भावाचं नाव उच्चारायला त्याला सहा वर्षं लागली.
ग्विलिम.
गुरुवार होता. खोलीत तीन खुर्च्या.
नाव घेतल्यावर तो बराच वेळ
स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिला,
जणू ते कुणीतरी विसरून गेलेले हातमोजे.
त्या दिवशी फाइलमध्ये मी एकच ओळ लिहिली.
काय लिहिली ते सांगणार नाही, ती त्याची आहे.

आज उतारावरचं दुकान. अर्धा तास रजा.
वारा खाडीकडून, मेंढरं रस्त्यापर्यंत.
दुधाचे सात प्रकार बघून तो मागे सरकला.
मग सफरचंदांपाशी थांबला,
एक उचललं, ठेवलं, दुसरं उचललं.
माझी नजर शिकवल्याप्रमाणे फिरत होती:
खांदे, हात, दार किती पावलांवर.
लाज वाटली, तरी फिरत राहिली.

गल्ल्यावरच्या बाईनं नाणं उलटसुलट केलं.
"हे चालत नाही आता."
"खोटं आहे?"
"खोटं नव्हे हो, जुनं. बंद होऊन जमाना झाला.
कुठे होतात इतके दिवस?"

फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती.
मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो म्हणाला,
"आजारी होतो."
"अगंबाई. आता बरं आहे ना?"
त्यानं खरंच विचार केला.
लोक या प्रश्नावर विचार करत नाहीत.
"आज, बरं आहे," तो म्हणाला,
आणि भत्त्याची पाचाची नोट पुढे केली.

बाहेर आल्यावर मी घड्याळ पाहिलं. बावीस मिनिटं.
"उरलेली आठ पुढच्या वेळी घेऊ?"
"रजेची मिनिटं साठवता येत नाहीत, एमलिन."
"मग बसू या."

दगडी कुंपणावर बसलो.
मोठ्या दरवाजाकडे दोघांचीही पाठ.
त्यानं सफरचंद खाल्लं, देठासकट,
मग सुटे आलेले पैसे काढून
नव्या नाण्याच्या कडेनं अंगठा फिरवू लागला,
ओठांत पुटपुटत,
नऊ, दहा, अकरा, बारा,
आणि पुन्हा एकपासून.