लाखात एक

मॅकल्सफील्ड. गुरुवारची दुसरी अपॉइंटमेंट.
मिस्टर ऑर्मरॉड, वय एक्क्याऐंशी. तक्रार : कानात सूं.
बायको गेली, म्हणाले, घर गप्प झालं,
तेव्हापासून ऐकू येते.

त्यांना बंद खोलीत बसवलं, हेडफोन चढवले.
स्वर ऐकू आला की बटण दाबा.
मी काहीच पाठवलं नव्हतं
तेव्हाही ते दाबत राहिले.

मग स्वतःच हसले.
चौतीस वर्षं शेतांपलीकडच्या त्या मोठ्या तबकडीखाली
माझं काम एवढंच : खरखर हुडकायची, घालवायची.
सैल जोड, गंजका स्क्रू,
कँटीनमधला कुणाचा तरी मायक्रोवेव्ह.
सगळं निस्तरलं तरी एक उरायचीच,
तोंड कुठेही फिरवा, जून असो डिसेंबर असो, तेवढीच.
ती दुरुस्त होत नाही, लव्ह. ती आपल्याआधीची आहे.

सुरुवातीला म्हणे सगळं पेटतं धुकं.
उजेड दोन पावलं टाकी नि आपटे.
आवाज मात्र चालायचा त्यातून,
दाबत, सैल सोडत, लोहाराच्या भात्यासारखा,
तीन लाख ऐंशी हजार वर्षं.
मग धुकं निवलं. उजेड मोकळा सुटला
आणि अंगावर आवाजाचे वळ घेऊन निघाला.
अजून पोचतोच आहे, पार गारठून.

वळ केवढे? मी विचारलं, ऑडिओग्रामवर पेन टेकवून.
लाखात एक, म्हणाले.

आमच्याकडे हे कौतुकानं म्हणतात.
माझ्या लग्नाच्या वेळी मावशी म्हणाली होती,
धडधडीत खोटं.
इथे मात्र मोजून : लाखात एकाचं उणं-अधिक.
इकडे किंचित दाट, शेजारी किंचित विरळ,
आणि त्या दाटाशी जमत गेलं एकेक,
तारे, चेशरच्या गाई, हे प्लॅस्टिकचं बटण,
त्यावरचा त्यांचा थरथरता अंगठा.
सगळीकडे सारखंच असतं
तर ऐकू येत नाही म्हणून तक्रार करायलाही
कुणी नसतं.

तुमची सूं जाणार नाही, मी सांगितलं. सांगावंच लागतं.
रात्री रेडिओ बारीक लावून ठेवा. सवय होते.
झालीच आहे, म्हणाले. टोपी विसरून गेले.

पुढच्या पेशंटला दहा मिनिटं होती.
मी आत जाऊन बसले, दार ओढून घेतलं.
माझंच रक्त, माझाच श्वास,
खाली आणखी काही नाही.
ती कानांना ऐकू येत नाही, एवढं मला कळतं.
तरी बटण हातात घेतलं.