लाजाळूचा वाफा

खानापुरातल्या कौलांच्या कारखान्यानं
फुटका माल फुकट दिला, तिथून बाग सुरू झाली.
आधी कौलांचे तुकडे, कडा घासून घेतलेले,
मग कल्लाप्पा कुंभारानं मळून दिलेला ओला चिखल,
मलप्रभेतले गोटे, भाताचा कोंडा.
अनवाणी चालायचं, बस्स.
शिवलीला कोंड्यावर पोचली की पुढं जायला राजी नसते.
मैनुद्दीनला दिसत नाही.
तो मरव्यापाशी वळतो, वाळ्यापाशी थांबतो,
आणि गवती चहापाशी रोज सांगतो,
"बाई, इथं कुणाला तरी सर्दी झालीया."

फाटकावरची पाटी तीनदा रंगवून झाली.
एकदा ह्यांनी, एकदा त्यांनी,
एकदा साहेब येऊन अक्षरांची उंची टेपनं मोजून गेले.
पोरांना तिन्ही वेळा
ओल्या रंगाचा वास तेवढा आवडला.
कल्लाप्पा मातीला माती म्हणतो, त्याची सून मण्णु.
भरमा काहीच म्हणत नाही.

भरमा नऊ वर्षांचा.
हात धरला की अंग चोरतो.
गोव्याकडं जाणारा ट्रक ओरडला
की कान दाबून भिंतीकडं तोंड.
फायलीत त्याच्यावर चार पानं आहेत,
दोन माझ्याच अक्षरातली.
आता वाचवत नाहीत.

लाजाळू कुणी लावली नव्हती.
शेणखतातून आली असणार.
तण म्हणून उपटायला मी खुरपं घेऊन बसले,
तर भरमा शेजारी.
नखाच्या पाठीनं त्यानं एक पान शिवलं.
मिटलं.
तो दोन पावलं मागं सरला, उकिडवा बसला.
जेवणाची घंटा झाली, ताटं वाजली,
आमटीचा वास बागेवरून निघून गेला.
पान पुरतं उघडलं तेव्हाच उठला.
पुन्हा शिवलं नाही.

काल शाळा सुटताना
माझ्या मनगटाला काहीतरी टेकलं.
वळून बघते तर तो मागं सरून
उकिडवा बसलेला.
मी बोटं मिटली, करंगळीपासून, एकेक.
रिक्षावाला नागोजी आता हॉर्न वाजवत नाही,
फाटकातून नुसताच हात हलवत होता,
चला की ओ बाई, उशीर व्हायलाय.
माझी मूठ मिटलेलीच.
किती वेळानं उघडायची असते
ते मला माहीत नव्हतं.
भरमाला होतं.