नावं ठेवायची नाहीत

सीवूड्सला, तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या गारठ्यात
हसुराम घरत खुर्चीत ताठ बसलेत
लग्नाच्या फोटोला बसावं तसे.
वय एकाहत्तर. गाव करावे. हात उजवा.
कापडी टोपीवर मी पेनानं केलेली खूण
आणि खुणेवर धरलेलं कॉइल, इंग्रजी आठासारखं.

टक्.
अंगठा उडतो. ते अंगठ्याकडे बघतात
दुसऱ्याच्या पोराकडे बघावं तसं.
मी कॉइल मागे सरकवते.

पडद्यावर सोळा चौकोन.
पाच उजळतात, एकामागून एक, विझतात.
मग तीन सेकंद काहीच नाही.
त्या तीन सेकंदांसाठीच तर हे सगळं,
हे यंत्र, एथिक्स कमिटीची सही, येण्याजाण्याचे तीनशे रुपये.
तेवढ्या रिकाम्यात मी चुंबक सोडते
आणि बघते, धरलेली जागा सांडते का.

सगळ्यांची सांडते, थोडी.
काल पनवेलच्या इंजिनिअर पोराची सांडली.
हसुरामांची नाही.
पाचपैकी पाच. पुन्हा पाच.
मी कॉइल तपासते, केबल तपासते,
मग त्यांचे ओठ दिसतात.

काय म्हणताय, काका?
"काय नाय. कमळीचा, जोमाचा, फुटका, धाकल्याचा,
आन कोपऱ्यानचा तो भुताचा."

मिठागराचे वाफे.
आता पाम बीचचा सिग्नल लागतो त्याच्या अलीकडे
बापामागे फळी ओढायचे ते, गुडघ्यांपर्यंत खारट.
कुणाचा बांध झिरपतो, कुणाचं मीठ आधी धरतं,
सगळं नावावर.
"नावाबिगर जागा ध्यानान कशी र्‍हाल, बाय?"

आणि मला सांगावं लागतं, सूचनापत्र, पान सात:
काका, नावं ठेवायची नाहीत.
"मी कदी कुनाला नावं ठेवली?"
हसतात. कॉइल हलतं. पुन्हा खूण शोधा.
तोंडानं सारखं त-त-त म्हणत राहायचं,
म्हणजे शब्दांना आत वाट नाही.

त-त-त-त
टक्
पाचपैकी तीन.
त-त-त
टक्
दोन.
बोट काचेपाशी येऊन थांबतं,
रात्रीतून कुणी बांधच उचलून नेल्यासारखं.

मी आकडा भरते.
चांगला आकडा आहे. सरांना हवा होता तसाच.

निघताना विचारतात, लिफ्ट कंची बाजू?
माझ्या पोटात गोळा. घाईघाईनं सांगते,
काका, परिणाम टिकत नाही हो, मिनिटाभरात जातो.
"ठाव हाय," चपला शोधत ते म्हणतात,
"सकाली पन सापडली नवती.
जिना चढून आलु."