सावली डावीकडे

कंडक्टरनं आधार कार्ड बघितलं,
शून्य रुपयांचं तिकीट फाडलं
आणि मी इथलीच ठरले.
विद्यापीठाच्या फाट्यावर उतरले तेव्हा अकरा वाजलेले.
पिशवीत खडेबाजारातली वांगी, पाव किलो कुंदा.
संग्रहालय बागेच्या पलीकडं.
माळी पाइप तसाच सोडून कुठं गेलेला,
कोरांटीच्या वाफ्यातलं पाणी वाटेवर आलेलं.
चप्पल हातात घेऊन मी ओलांडलं.

पिशवी काउंटरवर ठेवायची. टोकन सतरा.

वरच्या मजल्यावर देव. नाक नसलेले, तरी हसणारे.
खाली लोककला:
गोकाकची लाकडी फळं
(एका सिताफळाला खरीच कीड लागलेली),
कशिद्याची इरकल,
आणि मधे काचेत, दिव्याखाली,
अनगोळकर सायकल मार्टचा बोर्ड.

कुणीतरी कापसाच्या बोळ्यानं, औषध लावून,
रंगाला चौकोनी खिडक्या पाडल्यात.
वर कन्नड.
पहिल्या खिडकीत मराठी.
तिच्या आत लहान खिडकी, तिथं पुन्हा कन्नड.
एका कडेला डांबराचा थेंब, मुद्दाम ठेवलेला.
सगळ्यात आत डालड्याच्या डब्याचा पत्रा,
ताडाचं हिरवं झाड उलटं.
शेजारी कार्ड. कलावंत: अज्ञात.

आता अज्ञात कसला!
तिन्ही थरांतली सावली डावीकडं पडलीय.
सगळे पेंटर अक्षराची सावली उजवीकडं टाकतात.
शहापुरातल्या आमच्या दुकानाला
खिडकी एकच, उजव्या हाताला,
आणि मोनाप्पा पेंटर, म्हणजे आमचे बाबा,
जे दिसतं तेच रंगवणारे.

रात्री कोणीतरी डांबर फासायचं.
सकाळी मालक बोर्ड पाठीवर घेऊन दारात.
बाबा टर्पेंटाइनचा डबा काढायचे,
म्हणायचे, भांडण त्यांचं, बिल माझं.
एकदा मी विचारलं, यातलं आपलं कुठलं?
ब्रश तोंडात धरून बोलले, नीट ऐकू आलं नाही.
कन्नडला पोट सांभाळायचं, मराठीला माथा,
घसरतं दोन्हीकडं,
असं काहीतरी.

किती वेळ उभी होते कोण जाणे.
गार्ड आला. छातीवर नाव बसलिंग.
काय बघालाय अक्का एवढं?
म्हटलं, हे आमच्या बाबांचं.
बोर्ड?
नाही, सावली.

त्यानं मान हलवली, जशी आजारी माणसापुढं हलवतात,
आणि वही पुढं केली. अभिप्राय लिवा.
सुतळीला बांधलेला पेन.
वरच्या ओळीत कॉलेजच्या पोरांनी लिहिलेलं,
एसी छान आहे.
मी बाबांचं नाव लिहिलं,
आधी एका लिपीत, मग दुसऱ्या.
शाई आलीच नाही.
कागदावर नुसते चर उमटले.
बोट फिरवलं तर लागत होते.
बसलिंगनं खिशातला पेन काढून दिला.
म्हटलं, राहू दे.

चार वाजता बाहेर पडले.
माळ्यानं पाणी बंद केलेलं,
वाटेवर चिखल, त्यात माझ्याच सकाळच्या पावलांची बोटं.
ऊन उजवीकडून आलेलं.
सुरू, बकुळ, कंपाउंडचा खांब, मुतारीचा बाण,
सगळ्यांच्या सावल्या डावीकडं,
काठ धरून, कुठं न सांडता.
मी थांबत थांबत फाटकापर्यंत आले
आणि लक्षात आलं, पिशवी.

माघारी फिरले.
तीच झाडं, तोच खांब,
सावल्या उजवीकडं.

काउंटरवर टोकन दिलं.
कुंद्याच्या पुड्याला मुंग्या लागल्या होत्या.
बसलिंग म्हणाला, झटकून खावा, काय होत नाही.
थोडा त्यालाही दिला.